स्वच्छ प्रतीपुढं माझी माघार

विनोदी चित्रपटाच्या प्रतीचं फार कौतुक करू नये, असं मी बरीच वर्षं मित्रांना ऐकवत आलो. हसवणारा खमका असला की पडद्यावर मुंग्या नाचोत नाहीतर आडव्या रेघा, पब्लिक हसतंच. दाखला हाताशी होता. धुळ्याच्या शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. चित्र धूसर आहे म्हणून कुणी तोंड वाकडं केल्याचं माझ्या कानावर नाही.

बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६) मी याच हिशेबानं पाहिला, जळगावात घेतलेल्या व्हीसीडीवर. अमेरिकन यादवी युद्धातली गोष्ट. इंजिन ड्रायव्हर जॉनी ग्रेला (हा कीटनच) सैन्यात घेत नाहीत, कारण इंजिनावरच त्याचा जास्त उपयोग. मग शत्रू त्याचं इंजिनच पळवतो आणि हा एकटा मागं लागतो. मूकपट, काळापांढरा, सगळे दुप्पट घाईत पळताहेत. मला तो बरा वाटला. धावाधाव आहे, गंमत आहे, संपलं.

अलीकडं ब्लू-रेवर दुरुस्त केलेली प्रत पाहिली. इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयानं कीटनचे चित्रपट जमवून, साफ करून घेण्याचं मोठं काम हाती घेतलं, त्यातली. एका प्रसंगात जॉनी धावत्या इंजिनावर खाली मान घालून लाकडं फोडतोय. त्याच्या पाठीमागं, दूरवर, त्याची स्वतःची फौज माघार घेत निघून जाते आणि तिच्यामागून शत्रूची फौज पुढं सरकते. एक अख्खी लढाई हातची गेली आणि याला पत्ताच नाही! माझ्या व्हीसीडीवर तिथं नुसता राखाडी डाग हलत होता. मला तो धूर वाटला होता. म्हणजे विनोद कमजोर नव्हता, तो माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता.

कीटन चेहऱ्यावर कॅमेरा नेऊन हसवत नाही. तो माणूस, गाडी, डोंगर आणि पलटण एकाच चौकटीत ठेवतो आणि नजर तुमची तुम्ही फिरवा म्हणतो. ओरेगॉनच्या नॅशनल गार्डचे जवानच दोन्ही बाजूंचे गणवेश घालून त्यात उभे राहिले होते. गणवेशाचा फरक दिसला नाही तर कोण पळतंय आणि कोण पाठलागावर आहे, काय कळणार? व्हीसीडीच्या चौकटीत ३५२ गुणिले २८८ ठिपके, ब्लू-रेत त्याच्या वीसपट. शिवाय अमेरिकेत या चित्रपटाच्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळं ज्याला वाटलं त्यानं प्रतीवरून प्रत काढली. वेगही कुणी धड लावला नाही.

माझा मामा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होता. त्याला ही नवी प्रत लावून दिली. प्रेयसीनं झिडकारलेला जॉनी इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, गाडी हलते, दांडा त्याला वर-खाली नेतो आणि त्याच्या ते ध्यानातच येत नाही. मी हसलो, मामा हसला नाही. "वाफ थोडी जादा दिली असती तर चाक जागेवरच गरकन फिरलं असतं. हा पोरगा जित्ता राहता का?" मग त्यानं ड्रायव्हरच्या हाताची तारीफ केली, जो चित्रात दिसतही नाही. पुढं जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं (एकाच झटक्यात घेतलेला तो शॉट, खर्च ४२ हजार डॉलर), तेव्हा मात्र मामा हळहळला. पुलाची नाही, इंजिनाची हळहळ.

धुळ्याचा माझा साडू अजून जुन्याच मताचा आहे. व्हिडिओ पार्लरात शंभर माणसं एकदम हसत, तुझ्या ब्लू-रेपुढं तू एकटाच बसतोस, असं तो म्हणतो. त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. पण 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' (दोन्ही १९५२) या मराठी विनोदी चित्रपटांच्या प्रती कोण कधी अशा साफ करणार, हा प्रश्न मी आता विचारायला लागलोय. पूर्वी असं कुणी विचारलं की मीच त्याची टिंगल करायचो.