सहा मिलिमीटरच्या आत

खालापूर तालुक्यात पॉलिएस्टर म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रसायनीला पाताळगंगेच्या काठी १९८२ साली रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. याच जातीच्या धाग्याची नळी माणसाच्या महाधमनीत बसवतात, असं सांगितलं की मात्र आमच्याकडची मंडळी माझ्याकडे संशयानं बघतात.

गोष्ट खरी आहे. १९५०च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी नायलॉन घ्यायला दुकानात गेले. ते संपलं होतं, म्हणून त्यांनी नवं आलेलं डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरच, घेतलं आणि बायकोच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. मोठ्या धमनीत रक्ताला वेग असतो, त्यामुळे तिथं हे कापड वर्षानुवर्षं टिकतं. सहा मिलिमीटरहून बारीक नळीत मात्र रक्त साकळतं. हृदयाच्या धमन्या त्याहून बारीक, म्हणून बायपाससाठी आजही पायातली शीर काढावी लागते. ती आधीच वापरली गेली असेल किंवा खराब असेल, तर सर्जनची पंचाईत.

या बारीक नळीसाठी आमच्या प्रयोगशाळेत आम्ही जिवाणूंकडे वळलो. व्हिनेगरमध्ये आढळणारा कोमागाटाइबॅक्टर झायलिनस साखर खातो आणि द्रावणाच्या पृष्ठभागावर सायीसारखा थर धरतो. हा थर सेल्युलोजचा आहे हे ए. जे. ब्राउन यांनी १८८६ मध्ये दाखवलं. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर तो वाढवून 'नाटा दे कोको' म्हणून खातात. ओल्या थरात जवळपास ९९ टक्के पाणी असतं, तरी तो चिवट असतो, कारण नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचं जाळं जिवाणूंनी सलग विणलेलं असतं.

या थराची नळी करायचा एक मार्ग म्हणजे छपाई. पण बायोप्रिंटरमध्ये, म्हणजे जैविक शाई सुईतून सोडून आकार छापणाऱ्या यंत्रात, घालायचं तर हेच जाळं तोडून लगदा करावा लागतो, तरच ते सुईतून जातं. मग आकार टिकावा म्हणून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ मिसळून कॅल्शियमनं घट्ट करायचं. कानाच्या कूर्चेसाठी हे चालतं. रक्ताचा दाब झेलणाऱ्या नळीसाठी हा उलटा धंदा आहे, असं माझं मत आहे. ज्या विणीसाठी आपण जिवाणूंकडे गेलो, तीच आधी मोडायची!

जिवाणूला हवा लागते, याचा फायदा घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. स्वीडनच्या संशोधकांनी सिलिकॉनची नळी द्रावणात बुडवून तिच्या आतून ऑक्सिजन सोडला. तो भिंतीतून झिरपला आणि बाहेरून सेल्युलोजची नळी धरली. निव्वळ ऑक्सिजनवर वाढवलेली नळी ८८० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला फुटली. आपला वरचा रक्तदाब साधारण १२० असतो. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जिवंत जिवाणूच शाईत घालून छापले आणि सेल्युलोज नंतर त्यांच्याकडून करून घेतलं. छपाई करायचीच, तर अशी करावी.

वाढलेली नळी धुण्याचं काम कुणी मिरवत नाही, पण प्रयोगशाळेतला बराच वेळ तिथंच जातो. जिवाणूंच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन राहिलं तर रुग्णाला ताप येतो, म्हणून गरम कॉस्टिक सोडा आणि मग पाणी, पाणी, पाणी. शिवाय माणसाच्या शरीरात सेल्युलोज पचवणारं विकर नाही. नळी विरघळत नाही हा प्रौढ रुग्णाचा फायदा. वाढत्या मुलात मात्र ती आहे तेवढीच राहील.

जर्मनीत जिवाणूंच्या सेल्युलोजच्या अशा नळ्या मेंढ्यांच्या मानेतल्या धमनीत बसवल्या गेल्या. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी निम्म्या नळ्या वाहत्या होत्या, निम्म्या बंद.