सापडला म्हणून दोषी नव्हे

घाटकोपरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात अनेक वर्षं मी ठासून सांगत आले: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. मानवी जनुकसंचातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनं घडवतो, तेव्हा कर्करोगाचं मूळ तिथेच शोधायचं. उरलेल्या भागाला सुसुमु ओहनो यांच्या १९७२ च्या लेखापासून 'जंक डीएनए' हे नाव चिकटलं होतं, आणि मला ते पटत होतं. आज पटत नाही.

मत हललं ते 'हॉटेअर'मुळे. सुमारे बावीसशे अक्षरांचा हा आरएनए बाराव्या गुणसूत्रावर तयार होतो. दोनशेहून जास्त अक्षरांच्या आणि प्रथिन न घडवणाऱ्या अशा आरएनएंना दीर्घ नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने २०१० साली दाखवलं की ज्या स्त्रियांच्या स्तनातल्या गाठीत हॉटेअर भरपूर होता, त्यांच्यात रोग पसरण्याचा आणि मृत्यूचा धोका अधिक होता. प्रयोगशाळेत तो मुद्दाम वाढवला, तेव्हा पेशी आजूबाजूला जास्त घुसू लागल्या. प्रथिन न घडवणारा रेणू पेशीचं वागणं बदलू शकतो, हे मला मान्य करावं लागलं.

मग वाटू लागलं, गाठीत जो आरएनए वाढलेला दिसेल तो गुन्हेगार. त्याला बंद केलं की उपचार सापडला. हेही मत 'मॅलेट-१' या दुसऱ्या दीर्घ नॉन-कोडिंग आरएनएने मोडलं. २००३ साली जर्मन संशोधकांना फुप्फुसाच्या ज्या गाठी पुढे पसरल्या, त्यांत तो जास्त आढळला होता. पण २०१२ मध्ये वेगवेगळ्या गटांनी हे जनुक निकामी केलेले उंदीर वाढवले, तेव्हा ते धडधाकट निघाले. २०१३ मध्ये फुप्फुसाच्या कर्कपेशींतून मॅलेट-१ नाहीसा केल्यावर उंदरांतला प्रसार घटला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमडी अँडरसन केंद्रातल्या ली मा यांच्या गटाला स्तनाच्या कर्करोगात नेमकं उलट दिसलं: मॅलेट-१ नसेल तर उंदरांत रोग अधिक पसरतो, आणि तो परत दिला की प्रसार आवरतो.

या विरोधातून मी जे शिकले, ते आता वर्गात आधी सांगते. घाटकोपरच्या फलाटावर पाकीट मारलं गेलं, तर तिथे उभा असलेला प्रत्येक जण चोर नसतो. आरएनए काढून पाहायचा आणि परत देऊनही पाहायचा. कारण डीएनएचा तुकडा कापला की शेजारच्या जनुकांवरही परिणाम होऊ शकतो. शिवाय एकच आरएनए एका अवयवात एक आणि दुसऱ्यात दुसरंच काम करत असू शकतो.

दोष सिद्ध झाला नाही म्हणून तो रेणू निरुपयोगी ठरतो, असंही नाही. 'पीसीए-३' हा आरएनए प्रोस्टेटच्या कर्करोगात खूप वाढतो आणि लघवीत मोजता येतो. आधीची बायोप्सी निर्दोष आलेल्या पुरुषाची पुन्हा बायोप्सी करावी का, हे ठरवायला मदत म्हणून त्याच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. रोगाची खूण म्हणून तो कामाचा आहे. रोगाचं कारण ठरायला वेगळा पुरावा लागतो.

हे मला आपल्या माणसांसाठी महत्त्वाचं वाटतं. मुलुंड-घाटकोपरमधून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण किती तरी असतात. गाल आणि हिरड्यांच्या कर्करोगावर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राने आणि बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेने मिळून केलेला मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास रुग्णांच्या गाठींतला प्रथिनं घडवणारा भाग त्यांनी वाचला आणि नवी जनुकं पुढे आणली. पूर्वी मला ती यादी म्हणजे संपूर्ण उत्तर वाटलं असतं. आज वाटतं, तो भक्कम पाया आहे आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं वाचन आपल्याच रुग्णांच्या गाठींत, तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवं.

तोवर कुणी आरएनए रोखून कर्करोग बरा करण्याची हमी दिली, तर तो काढून आणि परत देऊन पाहिल्याचा पुरावा मागा. तंबाखूबद्दल मात्र असा पुरावा शोधत बसायची गरज नाही. तिचा दोष कधीच सिद्ध झाला आहे.