बायकांचा रांजण

"तुम्हांला पोहता येते का?" असे कुणी विचारले की मी "येते" म्हणून मोकळी होते. हे उत्तर खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. बाराव्या वर्षापर्यंत मला उत्तम पोहता येत होते. त्यानंतर मी पाण्यात उतरलेच नाही. सायकल, पोहणे आणि उसनवारी या तीन गोष्टी एकदा अंगवळणी पडल्या की जन्मभर विसरत नाहीत, असे आमचे वडील म्हणत. तेवढ्या एका वचनाच्या आधारावर मी गेली चौतीस वर्षे स्वतःला पोहणारी म्हणवते आहे. वर्गात शिकवताना नदीचे वर्णन आले, की मी असा काही हात फिरवते की मुलांना वाटावे, बाई रोज पहाटे कृष्णा ओलांडूनच कॉलेजात येतात!

सांगलीत आमच्या घरापासून कृष्णा दहा मिनिटांवर. पण पोहायला मी शिकले ती आजोळी, वारणेच्या अगदी वरच्या अंगाला. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची पहिली नेमणूक त्या डोंगरात झाली आणि तिथलीच मुलगी त्यांना सांगून आली. गाव सातारा जिल्ह्यात, बाजारहाट सांगली जिल्ह्यात. मामाला हा भेद कधी पटला नाही. सांगली जिल्हा १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' म्हणूनच ओळखला जाई, आणि मामाच्या हिशेबी तो अजून तसाच आहे.

गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण ते गाव आता नाही. १९८५ साली चांदोलीचे अभयारण्य झाले, २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० साली कोयनेचे अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या पायऱ्या चढता चढता केव्हातरी आमचे आजोळ डोंगर उतरून खाली सपाटीला आले. मामाला वसाहतीत घर मिळाले, जमीन मिळाली, नळाला एक दिवसाआड पाणी आले. त्याबद्दल त्याची एकच तक्रार असते : "नळात मुटका मारता येत न्हाय."

मुटका मारायची जागा म्हणजे डोह. घोड्याच्या नालेसारख्या वळणावर ओढा काळ्या पाषाणात शिरे आणि तिथे पाण्याने खडक कोरून लहानमोठे रांजण केले होते. हे रांजणखळगे कसे होतात ते मी पुष्कळ पुढे वाचले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. त्यातला एखादा थर जरा कच्चा असतो. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा तिथे गरगर फिरत राहतो, खड्डा खोल करतो आणि शेवटी स्वतःच झिजून जातो. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजण पाहायला लोक लांबून येतात. आमचे रांजण पाहायला कुणी येत नसे. पण आमच्या डोंगराला पावसाचा तोटा नव्हता. वारणा उगम पावते त्या पाथरपुंजला काही वर्षी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. इतके पाणी हाताशी असल्यावर दगडाचे काय चालणार?

१९८७ सालच्या मे महिन्यात मामाने माझ्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला आणि मला डोहात ढकलले. शिकवण्याची ही पद्धत आजच्या शिक्षणशास्त्रात बसणार नाही, पण आठ दिवसांत बिंडा सुटला. पुढल्या चार सुट्ट्या मी मासोळीसारखी त्या पाण्यात काढल्या. डोहाला नियमही होते. पलीकडचा कडेखालचा काळा भाग देवाचा, तिथे कुणी जायचे नाही. तिथले मासे धरायचे नाहीत. अवसेला पाण्यात उतरायचे नाही. 'का' म्हणून कुणी विचारीत नसे.

१९९१ च्या मेमध्ये मी फ्रॉक खोचून निघाले तेव्हा आजी दारात उभी होती. "आता डोहात न्हाय," ती म्हणाली, "आता आमच्यासंगं."

आमच्यासंगं म्हणजे बायकांच्या रांजणात. डोहाच्या वर, करवंदीच्या जाळीआड एक मोठा रांजण होता. त्यात पाचसहा बायका लुगड्याचा काचा मारून गळाभर पाण्यात बसत. धुणे आटोपल्यावरची ती त्यांची घटकाभर सुट्टी. आई होती, मामी होती, आजी होती. आजीने पाण्यातून हात पुढे केला, "ये." मी नाही गेले. मला डोह हवा होता. बसायचे पाणी कसले, ते म्हाताऱ्यांचे! मी खडकावर पाठ फिरवून बसले. रोज बसले, अख्खी सुट्टी बसले. आजी रोज एकदा हात पुढे करी आणि मग शेजारणीशी बोलू लागे. त्या हिवाळ्यात आजी वारली. नंतर माझे जाणे कमी झाले, आणि मग गावच उठले.

तशी त्या पाण्याची नि माझी गाठ सुटली होती असे नाही. वारणा धरणात अडते, तिथून निघते आणि आमच्या हरिपूरला कृष्णेला मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचे पाणी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर आले. तेव्हा सारी आळी घाबरलेली, आणि माझी आई वरच्या पायरीवर बसून म्हणते, "माहेरचं पाणी आलंय गं." मी तिच्यावर रागावले. धान्याच्या कोठ्या भिजत होत्या, आणि हिला माहेर आठवते!

गेल्या फेब्रुवारीत मात्र मीच मामाकडे हट्ट धरला. आईच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही. मामा पंचाहत्तरीचा, पण टोपी घालून पहाटे पाचलाच तयार. सोबत माझी चौदा वर्षांची मुलगी. ती निळ्या फरशीच्या तलावात, शिट्टी वाजवणाऱ्या मास्तरांकडून, चार प्रकारचे पोहणे शिकलेली आहे. तिने पिशवीत पोहण्याचा पोशाख घेतला होता. मीही एक जुना पंजाबी ड्रेस घेतला होता. हे मी घरी कुणाला सांगितले नव्हते.

पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर. परवाने, पावती, गाडीत एक वनरक्षक. जंगल असे दाट झाले होते की माझ्या आठवणीतली शेते कुठे होती ते मामालाही चटकन सांगता येईना. एका चौथऱ्यापाशी त्याने गाडी थांबवली. "हितं आपलं देऊळ." पुढे गव्यांच्या वाटेने थोडे उतरलो, आणि डोह दिसला.

तो लहान झाला नव्हता. लहानपणच्या जागा मोठेपणी लहान वाटतात असे सारे लिहितात, म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. पण डोह होता तेवढाच होता, काळा आणि स्वच्छ. मुलगी पिशवी उघडू लागली तसा वनरक्षक म्हणाला, "ताई, पाण्यात उतरता येणार नाही."

मी माझी सगळी वकिली केली. हे माझे आजोळ, हे माझे मामा, या पाण्यात आम्ही वाढलो. पोरगा पंचविशीचा असेल. त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, की चैत्रात सारे ओढे आटतात तेव्हा या रांजणांतच काय ते पाणी उरते. गवे येतात, अस्वल येते. अंगाचे तेल, साबण, माणसाचा वास त्यांना नको. शिवाय आत कपारी आहेत, पाय अडकतो. आणि मग जरा थांबून म्हणाला, "माझं आजोळ पलीकडच्या खोऱ्यात होतं. मीपण उतरत नाही."

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. मामा भांडेल असे मला वाटले होते. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बराबर हाय त्याचं. आदी पल्याडचा तुकडा देवाचा हुता. आता समदाच देवाचा झाला."

मला मात्र ते एवढ्या सहजी पटले नाही. मी खडकावर बसले आणि लक्षात आले, की हा तोच खडक. वर करवंदीची जाळी माजली होती आणि तिच्या फटीतून बायकांचा रांजण दिसत होता. पाण्यावर पाने पडली होती. मी मुलीला सगळे सांगितले, आजीने पोहणे बंद केले तेही. सांगताना माझा आवाज जरा चढला असावा.

मामा हसायला लागला. "तुझ्या आजीनं? आगं, तिच्यावानी पवणारं गावात कोण नव्हतं. कोंबडा आरवायच्या आदी उठून डोहात यायची. आमाला वाटायचं, म्हातारी पाण्याला गेली. पाण्यालाच गेलेली आसायची म्हना!"

"आणि मला बंदी?"

"बंदी दिसाची. त्या साली मला म्हनली हुती, पोरगी बायकांच्यात येऊन बसू दे, मग एक दिस पहाटं नेते. पर तू तर रुसून बसलीस." त्याने टोपी झटकून घातली. "ती बी हट्टी. दोनदा बोलायची न्हाय."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी चष्मा पुसला.

वनरक्षकाने घड्याळ पाहिले आणि आम्ही चढू लागलो. वर आल्यावर तिने मला विचारले, "आई, तू पिशवीत हा ड्रेस कशाला आणला होतास?" मी म्हटले, "असाच."

रात्री सांगलीला पोचायला नऊ वाजले. आई जागीच होती. मामाने पाठवलेली करवंदाच्या लोणच्याची बरणी तिने हातात घेतली, पण लक्ष माझ्याकडे होते.

"बायकांच्या रांजणात पाणी हाय?"

"आहे."

"गार हाय का गं अजून?"

पाण्याला मी बोटसुद्धा लावले नव्हते. मुलगी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हो. फार गार."

"मग," आई म्हणाली आणि बरणी उघडून तिने वास घेतला.