ई टीव्ही मराठीचं काय झालं?

पिरनवाडीची माझी मावशी कलर्स मराठीला आजही 'ई टीव्ही' म्हणते. नाव बदलून दहा वर्षं उलटून गेली तरी. तिच्या गल्लीतल्या बऱ्याच बायकांचं तसंच आहे. "ई टीव्हीवर आज काय झालं बघितलंस काय गं?" असं सरळ एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर विचारलं जातं आणि कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. मला मात्र या नावाची गोष्ट एकदा नीट सांगावीशी वाटते, कारण ही गोष्ट मुंबईत किंवा पुण्यात बसून वेगळी दिसते आणि पिरनवाडीत बसून वेगळी.

आपल्यापैकी जे चोर्ला घाटानं बेळगावला जातात त्यांनी पिरनवाडी पाहिलेली आहे, नाव ठाऊक नसलं तरी. साखळीहून निघालं की केरी, घाट, मग कणकुंबी, जांबोटी आणि शेवटी हा रस्ता जिथं खानापूर-बेळगाव रस्त्याला मिळतो ते गाव. पूर्वी खरोखरच गाव होतं, आता बेळगाव शहर त्याला येऊन चिकटलंय. लग्नाचा बस्ता, दवाखाना, भाजी, लोणी, कुंदा, अशा निमित्तांनी आपण गोंयकार तिथून जातो, पण थांबत कुणी नाही. आमचं थांबणं व्हायचं ते मावशीमुळे.

तिच्याकडे टीव्ही आला तेव्हा त्यावर मराठी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. गच्चीवरच्या काठीला दिल्लीचं हिंदी आणि बंगळूरचं कन्नड लागायचं. मुंबई दूरदर्शन 1972 पासून चालू होतं, पण मुंबईचे मराठी कार्यक्रम मावशी बघायची ते सुट्टीत कुणाकडे तरी कोल्हापूरला गेली की. सह्याद्री वाहिनी उपग्रहावरून आली ती नंतर. आणि मग केबल आली. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली आणि पाठोपाठ 9 जुलै 2000 ला ई टीव्ही मराठी. वर्षभराच्या आत दोन! तोवर मराठी माणसाला दिवसभर मराठी बोलणारा टीव्ही ही कल्पनाच नवी होती.

यातली गंमत बघा. अल्फा ही झीची, म्हणजे निदान मुंबईची तरी. ई टीव्ही मराठी मात्र चक्क हैदराबादची. 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाचे रामोजी राव हे तिचे मालक. त्यांनी 1995 साली तेलुगू वाहिनी काढली, ती चालली, मग त्यांनी एकेका भाषेचा हिशेब मांडला आणि त्याच साच्यातून बांगला, मराठी, कन्नड, पुढे उर्दू, गुजराती, ओडिया अशा वाहिन्या ओळीनं काढल्या. रामोजी फिल्म सिटीत मराठी वाडा उभा राहिला, की शेजारी कन्नड वाडाही उभा राहायचा. मराठी नट-नट्या शूटिंगला हैदराबादला जायच्या. मराठी भाषेचा कळवळा वगैरे यात काही नव्हतं. धंदा होता, आणि मला विचाराल तर प्रामाणिक धंदा होता. कळवळा असणाऱ्यांनी त्या काळात किती वाहिन्या काढल्या आणि त्या किती टिकल्या हा हिशेब कुणी मांडला तर आपल्यालाच अवघड वाटेल.

पिरनवाडीत याचा परिणाम असा झाला, की एकाच हैदराबादी कंपनीची मराठी वाहिनी मावशीच्या घरात आणि कन्नड वाहिनी तिच्या मागच्या घरात. दोन्ही घरांत संध्याकाळी सासू-सुनांचं भांडण एकाच वेळी रंगायचं. चौकात कुठली पाटी असावी, कुणाचा पुतळा असावा यावरून ज्या गावात वातावरण तापतं, त्याच गावात हा प्रकार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. (पुढं झीनं कोल्हापूरच्या मातीतली 'तुझ्यात जीव रंगला' कन्नडमध्ये 'जोडी हक्की' म्हणून केली, तेव्हा मागच्या घरातल्या आजींनी मावशीला पुढची गोष्ट विचारून घेतली म्हणे. मराठीत ती आधी होऊन गेली होती ना!)

ई टीव्हीची खरी पकड बसली ती 'चार दिवस सासूचे'नं. 2001 साली सुरू झालेली ही मालिका 2013 च्या जानेवारीत संपली. तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडी सासू, कविता लाड सून. नावात चार दिवस आणि चालली अकरा वर्षं, हा विनोद तेव्हा सगळ्यांनी करून झालाय, मी पुन्हा करत नाही. पण अकरा वर्षं म्हणजे काय ते मावशीच्या घरात कळायचं. मालिका सुरू झाली तेव्हा तिची थोरली मुलगी शाळेत होती, संपली तेव्हा ती सासरी जाऊन एका मुलीची आई झाली होती. 'या गोजिरवाण्या घरात' होती, राजू परुळेकरांचा 'संवाद' होता. 'संवाद' काका बघायचे. काका मराठी शाळेत शिकलेले, नोकरीत कन्नडवर निभावलं, अर्ज कन्नडमधून, वीज बिल कन्नडमधून, सात-बाऱ्याचा उतारा कन्नडमधून. घरी आल्यावर कुणीतरी सावकाश, चांगल्या मराठीत, अर्धा-पाऊण तास एखाद्या लेखकाशी किंवा डॉक्टरशी बोलतंय हे ऐकणं त्यांना किती लागायचं ते मी पाहिलंय. ते टीव्हीचा आवाज वाढवायचे नाहीत. खुर्ची पुढं ओढायचे.

आम्हा गोंयकारांना हे थोडंफार समजायला हरकत नाही. 1987 चा राजभाषा कायदा आणि त्यातलं मराठीचं स्थान यावर आपण अजून वाद घालतो, पण आपल्याकडे मराठी वर्तमानपत्र दारात पडतं, देवळात नाटक होतं, सरकारदरबारी मराठी अर्ज चालतो. पिरनवाडीला वर्तमानपत्र आहे, भजन आहे, गणपती आहे. सरकारचं दार मात्र दुसऱ्या भाषेत उघडतं. त्यामुळे तिथं टीव्हीवर मराठी असणं ही नुसती करमणूक राहत नाही.

पण वाहिनीच्या लेखी हे घर होतं का? इथं मला जरा कडू बोलावं लागेल. टीव्हीचे टीआरपी मोजणारे देशाचे बाजार पाडतात. आधी टॅम होती, 2015 पासून बार्क आहे. त्यांच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार. म्हणजे सत्तरीतला एखादा मीटर लावलेला टीव्ही मराठी मालिकेचा नंबर वरखाली करू शकतो. पिरनवाडीतला टीव्ही पडतो कर्नाटकाच्या बाजारात. दर आठवड्याला मराठी मालिकांची जी पहिल्या पाचांची यादी गाजते ती महाराष्ट्र-गोवा बाजाराची. तीन हजार भाग न चुकता बघणारी माझी मावशी त्या यादीत अर्ध्या टक्क्याचीही भागीदार नव्हती. कार्यक्रमांची नावंच बघा ना, 'गौरव महाराष्ट्राचा', 'महाराष्ट्राचा सुपरस्टार'. "आमचा गौरव कधी करणार म्हणे?" असं मावशी विचारायची, हसत हसत.

आता नावाची गोष्ट. 2012 च्या जानेवारीत बातमी आली, की ईनाडूच्या वाहिन्यांत नेटवर्क 18 शिरणार आणि त्यामागे पैसा रिलायन्सचा. व्यवहार पुरा व्हायला 2014 उजाडलं. त्यानंतर जुनं नाव किती दिवस राहणार? 22 मार्च 2015 ला ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. त्याच वर्षी ई टीव्ही कन्नडची कलर्स कन्नड झाली. रंगीत बोधचिन्ह आलं, मालिका चकचकीत झाल्या, 2018 साली महेश मांजरेकरांना घेऊन 'बिग बॉस मराठी' आलं.

बेळगावात त्याच्या जेमतेम पाच महिने आधी आणखी एक नामांतर झालं होतं. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी केलं. 1 नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि तिथल्या मराठी लोकांचा काळा दिवस, तेव्हा हे नाव कुणाला कसं लागलं असेल ते सांगायला नको. त्यामुळे मार्चमध्ये टीव्हीच्या कोपऱ्यातलं नाव बदललं तेव्हा काका म्हणाले, "आता हे पण?" दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण बसच्या पाटीवर, दुकानाच्या फळीवर, कागदपत्रांवर नावं बदलताना बघितलेल्या माणसाला टीव्हीवरचं बदललेलं नावही त्याच रांगेत दिसतं.

नाव बदलणं हे वाहिन्यांच्या जगात नेहमीचंच. अल्फा मराठीची 2005 साली झी मराठी झाली, आणि ते नाव आपण इतकं गिळलं की आता अल्फा म्हटलं तर नव्या पोरांना कळत नाही. पण सगळ्यांचं बारसं लाभतंच असं नाही. अल्फाचीच गुजराती बहीण झी गुजराती झाली आणि 2009 साली बंद पडली. गुजराती प्रेक्षक हिंदी मालिकांवर खूश, वेगळी वाहिनी कशाला, असा तो सरळ हिशेब. आपल्याकडे 2007 साली 'मी मराठी' आली होती, सब टीव्हीवाल्या अधिकारी बंधूंची. मनोरंजनाची वाहिनी म्हणून आली, हात बदलले, पुढं बातम्यांची वाहिनी झाली आणि मग पडद्यावरून गेलीच. मावशीच्या गल्लीत तिच्यासाठी कुणी हळहळलेलं मला तरी आठवत नाही. नावात 'मराठी' असलं की मराठी माणूस बघतोच, ही समजूत त्यामुळे तरी मोडायला हवी होती.

ई टीव्ही मराठी बंद पडली नाही. पण पिरनवाडीत एक दिवस ती बंद झाली, म्हणजे मावशीच्या टीव्हीवर. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दरपद्धत आली. तोवर केबलवाल्याला महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे आणि तो देईल ते बघायचं. तेव्हा शंभर वाहिन्यांचे 130 रुपये अधिक कर, आणि त्यावर पैशांच्या वाहिन्या ज्यानं त्यानं निवडायच्या. झी मराठी तेव्हा 19 रुपये, कलर्स मराठी 10, स्टार प्रवाह 9. कंपन्यांनी भाषेप्रमाणे स्वस्त पुडकी बांधली. मराठी पुडकं, कन्नड पुडकं. महाराष्ट्रात राहणाऱ्याला एक पुडकं पुरतं, बंगळूरकराला एक पुरतं. मावशीचे जावई हुबळीकडचे, घरात नातवंडं, त्यांना कन्नड वाहिनी हवीच. मावशीला मराठी हवी. म्हणजे दोन पुडकी. दोन भाषांत जगणाऱ्यांनी दुप्पट भरायचं, असा तो सीमाभागाचा खास कर झाला म्हणा ना!

केबलवाल्यानं आपल्या सोयीनं कन्नड पुडकं घालून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मराठी वाहिन्यांच्या जागी निळा पडदा. काका तोवर गेले होते. मावशी चार दिवस गप्प बसली, सह्याद्री बघितली, ते फुकट लागतं. पाचव्या दिवशी चपला घालून स्वतः केबलवाल्याच्या दुकानात गेली. सत्तरी ओलांडलेली बाई! त्यानं तिला कागद पुढं करून कुठली हवी त्यावर खूण करा म्हणून सांगितलं. कागद इंग्रजीत. तिनं सांगितलं, "मला ई टीव्ही पाहिजे." त्या पोराला ई टीव्ही म्हणजे काय ते कळेना. तो म्हणाला, "ई टीव्ही तेलुगू आहे आजी, ते लावू काय?" शेवटी दुकानात आलेल्या दुसऱ्या कुणीतरी उलगडा केला. दहा रुपयांच्या वाहिनीवर खूण झाली. झीचे एकोणीस तिला जास्त वाटले, ते तिनं सोडले. 'होम मिनिस्टर' सोडवत नव्हतं, पण सोडलं. मी पुढच्या फेरीत फोनवरून सगळ्याच मराठी वाहिन्या घालून देतो म्हटलं तर म्हणाली, "राहू दे रे. लागतंय की तेवढं."

तिचा हट्ट कुणासाठी होता हे मला उशिरा समजलं. नात इंग्रजी शाळेत जाते. तिथं तिला कन्नड आहे, हिंदी आहे, मराठी नाही. देवनागरी अक्षरं तिला हिंदीमुळे वाचता येतात. घरात आई-बाबा आपसात कन्नड-इंग्रजी मिसळून बोलतात. मराठी तिच्या कानावर पडते ती आजीची आणि रात्रीच्या मालिकेची. ती मला "तुम्ही कधी आलात?" असं टीव्हीसारखं स्वच्छ विचारते, आणि आजीशी मात्र अस्सल बेळगावी हेल काढून भांडते. मालिकांच्या मराठीला आपण सगळेच नावं ठेवतो, मीही ठेवतो. पण या पोरीच्या तोंडची निम्मी मराठी तिथून आलेली आहे.

आता ती मालिका फोनवर बघते. कलर्सच्या मालिका वूटवर मिळायच्या, 2023 साली वूट जिओसिनेमात गेलं, 2025 च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. 2024 च्या नोव्हेंबरात रिलायन्स आणि डिस्नेचे व्यवसाय एक झाले त्याचाच हा पुढचा भाग. त्यामुळे कलर्स मराठी आणि तिची एकेकाळची कट्टर स्पर्धक स्टार प्रवाह या दोघी आता एकाच घरच्या. रामोजी राव 8 जून 2024 ला गेले. त्या दिवशी मी मावशीला फोन करून सांगितलं, की तुझ्या ई टीव्हीचे मालक गेले. तिनं ते नाव कधीच ऐकलं नव्हतं. "आपले होते काय ते?" तिनं विचारलं. तेलुगू होते म्हटलं. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "असूं दे. भला माणूस असणार."