इंटरप्टची शिस्त

किबोर्डची कळ दाबली गेली, नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं, टायमरची वेळ भरली, की प्रोसेसरला हातातलं काम थांबवून आधी तिकडे धावावं लागतं. हाच इंटरप्ट. लिनक्स कर्नलमधल्या या कोडशी माझा रोजचा संबंध आहे आणि माझं मत ठाम आहे: प्रोसेसर कितीही वेगळे असोत, इंटरप्ट हाताळण्याचा क्रम एकाच ठिकाणी लिहिलेला असावा.

हार्डवेअर वेगळं असतंच. एक्स८६ मध्ये २५६ व्हेक्टर, म्हणजे इंटरप्टचे क्रमांक; त्यातले पहिले ३२ एक्सेप्शनसाठी राखीव. आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये एका रजिस्टरमधून इंटरप्टचा क्रमांक वाचायचा आणि काम झाल्यावर दुसऱ्यात तो लिहायचा. रिस्क-फाइव्हच्या पीएलआयसी या कंट्रोलरला दोन्हींसाठी एकच रजिस्टर पुरतं.

क्रम मात्र इंटरप्टच्या जातीवर ठरतो. लेव्हल जातीत डिव्हाइस शांत होईपर्यंत लाइन चढलेली राहते. म्हणून आधी ती मास्क करायची, म्हणजे तात्पुरती बंद ठेवायची, ड्रायव्हरला काम करू द्यायचं, मगच उघडायची. घाईने उघडली तर तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा आदळतो. एज जातीत इशारा क्षणभराचा. त्याची पोच ड्रायव्हरच्या कामाआधीच द्यावी लागते. उशीर केला तर मधल्या वेळेत आलेला दुसरा इशारा पुसला जातो आणि डिव्हाइस कायमचं ताटकळतं. लाइन सतत चढलेली, पण एकही ड्रायव्हर तिला आपली म्हणत नाही, असंही घडतं. अशा लाइनवरच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, तर कर्नल ती लाइनच बंद करतो.

पूर्वी या कोडची प्रत जवळपास प्रत्येक आर्किटेक्चरकडे स्वतंत्र होती. एका प्रतीत केलेली दुरुस्ती दुसरीत पोचेलच, याची खात्री नसे. आर्मसाठी रसेल किंग यांनी या जाती वेगळ्या काढल्या. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये, २.६.१८ या आवृत्तीत, ती मांडणी सर्वांसाठी समाईक केली. चिपने फक्त मास्क, अनमास्क, पोच कशी द्यायची एवढं सांगायचं. क्रम समाईक कोड सांभाळतो.

इंटरप्ट आल्यावर कर्नलमध्ये शिरण्याचा रस्ता तेव्हाही वेगवेगळाच राहिला. तिथेही क्रम महत्त्वाचा. कोणी वाचत असलेली मेमरी मोकळी होऊ नये हे पाहणारी आरसीयू ही यंत्रणा, निष्क्रिय प्रोसेसर काहीही वाचत नाही, असं धरून चालते. इंटरप्टने तो जागा झाला की सर्वांत आधी हे आरसीयूला कळवायला हवं. त्याआधी ट्रेसिंगचं एखादं फंक्शन चाललं, तर ते वाचत असलेली मेमरी दुसरीकडे मोकळी केली जाऊ शकते. असा दोष एकाच आर्किटेक्चरवर, क्वचित दिसतो, म्हणून जास्त छळतो. २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत प्रवेशाचा कोडही समाईक झाला; पुढे रिस्क-फाइव्हनेही तो स्वीकारला.

आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच उभे आहेत. अशा चिपवर काम करणाऱ्या तरुण मित्रांना एवढंच सांगेन: इंटरप्टचा नवा कोड लिहायला बसण्याआधी समाईक कोड नीट वाचा. तुमच्या चिपचं वेगळेपण तेवढं लिहा, क्रम पुन्हा लिहू नका.