नानांचा वाईस



हळवं भात कापणीला आलंय, गरवं अजून हिरवं आहे. पाऊस उघडलाय असं म्हणावं तर संध्याकाळी परत गडगडतं. चार दिवस थांबावं लागणार, म्हणून घरातले आणि शेजारचे मिळून 14 विळे लावून ठेवले. ते लावताना ठरवलं की जूनमधली गोष्ट आता लिहून टाकावी. तेव्हा लाजेने लिहिली नव्हती.

वाईस म्हणजे लोखंडी काम पकडायचं बाकावरचं यंत्र. मराठीत शिकंजा म्हणतात, पण आमच्याकडं कोणी शिकंजा म्हटलं तर त्याच्या तोंडाकडं बघतील. शेतकऱ्याला वाईस कशाला, असं विचारणारे भेटतात. आता गावात लोहार नाही. शेवटचा भाता थांबून वीस वर्षं तरी झाली. पंपाचा शाफ्ट, टिलरची पिन, फावड्याचा दांडा, विळ्याचे दात, सगळ्याला एक हात पकडायला आणि एक काम करायला लागतो. तिसरा हात म्हणजे वाईस. तो नसला की पाच मिनिटांच्या कामाला कल्याणला फेरी आणि अख्खा दिवस.

माझ्याकडं वाईस नव्हता. आमच्या आळीत नानांकडं होता. नाना तीस वर्षं अंबरनाथला एका कंपनीत फिटर होते. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक घरांचं तेच. 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. पुढं डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. घरटी एक माणूस शिफ्टला जायचा आणि लावणी-कापणीला रजा टाकून शेतात यायचा. मग कंपन्या बंद पडायला लागल्या. मोहन्याची एनआरसी 2009 ला थांबली, तेव्हा अख्ख्या भागात सुतक असल्यासारखं होतं. नानांची कंपनी वेगळी, तिचं नाव घेत नाही. ती त्याच्याही आधी गेली. हिशोबाचे पैसे अर्धेच मिळाले. शेवटच्या दिवशी ज्या बाकावर काम केलं त्यावरचा वाईस नाना रीतसर पावती करून, पगारातनं पैसे कापून घेऊन आले. इंग्लंडचा, शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा. लोकलच्या डब्यातनं आणला, स्टेशनपासून खांद्यावर.

तो त्यांनी मला जूनमध्ये दिला. टिलरच्या मागच्या जोडणीची पट्टी वाकली होती आणि चिखलणी तोंडावर. देताना एकच बोलले, "दांडीला पाईप लावायचा नाय."

मी पाईप लावला.

पट्टी 10 एमएमची होती, ठोकताना सटकत होती. दांडी हाताने आवळून होईना म्हणून दोन फुटी जीआय पाईप घातला आणि अंग टाकलं. पट्टी पकडली गेली. मग घण घातला, तोही आडवा. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. बघतो तर पुढच्या जबड्याच्या मानेला केसासारखी चीर.

आता कळतं काय झालं ते. वाईसचं अंग बीडाचं असतं. बीड दाबाला भारी, पण ताणाला आणि हिसक्याला कच्चं. कंपनी दांडीची लांबी उगाच ठरवत नाही. माणसाच्या दोन हातांनी जेवढं आवळता येईल तेवढंच त्या अंगाला झेपतं. दांडी दुप्पट केली की जोर दुप्पट, पण मान तेवढीच राहते. लोखंड वाकून सांगतं की बास कर. बीड सांगत नाही, एकदम जातं.

पुढची चूक त्याहून मोठी. नानांना सांगायच्या आधी गुपचूप जोडून घेऊ म्हणून नाक्यावर नेला आणि साध्या रॉडने वेल्डिंग मारून घेतलं. वेल्डरची चूक नाही, घाई माझी होती. गाडीवर ठेवून घरी येईपर्यंत "टण" झालं. वेल्डच्या शेजारी नवी चीर, पहिलीपेक्षा लांब. बीडात कार्बन साधारण 3 टक्के असतो, साध्या लोखंडात पाव टक्क्याच्या आत. थंड बीडावर एका जागी एवढी उष्णता घातली की तो भाग कडक होतो, आणि निवताना आक्रसतो तेव्हा बाजूचं बीड फाटतं.

आठ दिवस तो वाईस माझ्या पडवीत गोणीखाली होता. नानांच्या घरासमोरनं जायचं टाळत होतो. शेवटी घरातनं बोलणं बसलं, "भात लावायचं सोडून तोंड लपवत फिरताय." तेव्हा गोणी उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

नानांनी गोणी बाजूला केली, चिरेवरनं अंगठा फिरवला. ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले, "लावणी झाली का?" म्हटलं, अर्धी. "मग ती उरक. नंतर बघू." आणि आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लावणी उरकली. नानांनी उल्हासनगरच्या एका म्हाताऱ्या वेल्डरकडं पाठवलं आणि सोबत काय न्यायचं ते सांगितलं: भाताच्या गिरणीतल्या तुसाची राख, एक पोतं. मला वाटलं चेष्टा करतात. तिथं गेल्यावर कळलं. त्या माणसाने आधीचं वेल्डिंग घासून काढलं, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढं सरकणार नाही. चिरेवर व्हीसारखी खाच केली. मग अख्खा जबडा गॅसवर हळूहळू तापवला, पाऊण तास तरी. त्यावर पितळी रॉडने ब्रेझिंग. यात बीड वितळत नाही, पितळ वितळून त्याला धरतं. आणि लगेच राखेत पुरला. सकाळी उकरला तेव्हाही कोमट होता. तुसाची राख ऊब धरून ठेवते, म्हणून बीड सावकाश निवतं आणि फाटत नाही. जी राख आपण बांधावर फेकतो तिचा हा उपयोग.

नानांकडं आणला. त्यांनी जबडा दोरीला टांगला आणि लहान हातोडीने टिचकी मारल्यासारखं ठोकलं. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, चिरलेलं मडक्यासारखं बद्द वाजतं. त्यांनी तीन ठिकाणी ठोकून ऐकलं.

"वाजतंय," म्हणाले. "पण आता हा घण खायचा नाय. कानस-करवतीपुरता."

म्हणजे वाईस वाचला, पण अर्धाच. आणि तो अर्धेपणा माझ्यामुळं. तेव्हा ठरवलं की हा परत त्यांच्या ओट्यावर बसवायचा, आणि जड कामाला आपला आपण आणायचा.

नवा भारी पडत होता. श्रावणात नानांना घेऊन शिळफाट्याच्या भंगार गोडाऊनला गेलो. तिथं बंद पडलेल्या कारखान्यांचं सामान किलोवर विकतात. नानांनी चार वाईस नाकारले. कसे बघितले ते तुमच्या उपयोगाचं आहे:

1. ठोकून आवाज ऐकायचा.
2. पूर्ण उघडून पुढचा जबडा वर-खाली हलवायचा. थोडा हलणारच, पण डोकं खाली घालत असेल तर सरक झिजलीय.
3. स्क्रूचे आटे बघायचे. मधले आटे धारदार झाले असतील तर सोडायचा. शेवटचे आटे बघून फसू नका, ते कधी वापरातच येत नाहीत.
4. संशय वाटला तर रॉकेल लावायचं, पुसायचं आणि खडू घासायचा. चीर असेल तर आतलं रॉकेल खडूवर रेघ काढतं.

पाचवा घेतला. 5 इंची, काट्यावर 19 किलो. नाव गंजात गेलेलं, जबडे जाम. दिसायला सगळ्यात वाईट होता तो.

घरी आल्यावर मी ग्राइंडर काढला. नानांनी हात धरला. म्हणाले, गंज काढायचाय, लोखंड नाय काढायचं. जिथं घासून घासून गुळगुळीत झालंय ते मापात आहे, तिथं चाक लावलंस की माप गेलं. हे एक वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

जाम सोडवायला डिझेल आणि जुनं इंजिन ऑईल घालून तीन दिवस ठेवला. रोज सकाळी दोन टिचक्या. चौथ्या दिवशी स्क्रू फिरला. सुटा केल्यावर गंज काढायला विजेची पद्धत वापरली. प्लास्टिकच्या ड्रममध्ये 40 लिटर पाणी, त्यात धुण्याचा सोडा दहा चमचे. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचा जुना चार्जर. वजा टोक वाईसला, अधिक टोक भंगार लोखंडी पत्र्याला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज पत्र्याकडं आणि पाण्यात जातो, चांगलं लोखंड तसंच राहतं. दोन गोष्टी सांभाळा. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेऊ नका, त्यातनं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा, जवळ बिडी नको, कारण जे बुडबुडे येतात त्यात हायड्रोजन असतो. हात घालायच्या आधी चार्जर बंद करा.

सकाळी काळा थर आला होता, तो घासणीने निघाला. आपल्याकडच्या हवेत उघडं लोखंड तासाभरात परत तांबूस होतं, म्हणून पुसून, तापवून, लगेच तेल. रेड ऑक्साईड आणि वर हिरवा ऑईल पेंट फक्त अंगाला. सरक, स्क्रू आणि जबड्याची तोंडं यांना रंग लावायचा नाही.

मग त्याला शेताच्या कामाचा केला.

जबड्यांच्या दातांनी शाफ्टवर वळ उठतात, म्हणून तांब्याचा जाड पत्रा काटकोनात वाकवून दोन टोप्या केल्या. वर ठेवायच्या, काम झालं की काढायच्या. पाईप धरायला एका जोडीत व्हीची खाच केली, एक उभी, एक आडवी. तिसरी जोडी सागाच्या फळीची, फूटभर लांब. ती वैभव विळ्यासाठी. जमिनीलगत कापा म्हणजे खोडकिडा धसकटात राहत नाही, असं कृषी खातं सांगतं, पण दात बोथट झाले की बाई वरनंच कापते, तिचा काय दोष. हा विळा दगडावर घासला की दात जातात. लाकडात आडवा धरून तिकोनी कानशीने एकेक दात लावावा लागतो, आणि पातं थरथरता कामा नये.

स्टँड ट्रॅक्टरच्या जुन्या रिमचा. मध्ये 4 इंची पाईप, रिममध्ये काँक्रीट, वर 10 एमएमची प्लेट आणि बोल्ट. तिरका करून घरंगळत कुठंही नेता येतो. मागचा जबडा स्टँडच्या प्लेटबाहेर थोडा पुढं ठेवलाय, म्हणजे लांब पाईप उभा धरला तर खाली अडत नाही.

उंचीवर वाद झाला. नियम असा की जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराएवढा. माझं कोपर धरून पाईप कापणार होतो. नाना म्हणाले, "विळे कोण लावतो घरात?" विळे घरची लावते. मग तिचं कोपर मोजलं. मला जरा वाकावं लागतं, तेवढं चालतं.

नानांचा वाईस त्यांच्या ओट्यावर परत बसवलाय. सोनेरी रेघ मानेवर दिसते. मी म्हटलं होतं, वरनं रंग मारून देतो. नको म्हणाले. "दिसू दे. उद्या दुसरा कोण मागायला आला तर दाखवायला बरी." मी मान खाली घालून हसलो. काल विळ्यांच्या वेळी ते आले, स्टँडजवळ उभे राहिले, दांडी दोनदा फिरवून बघितली. मग माझ्या पडवीभर नजर टाकली. काय शोधत होते ते मला माहीत आहे. तो जीआय पाईप मी कापून भेंडीच्या प्लॉटला व्हॉल्वच्या खाली वापरलाय.

तुमच्या घरी, आजोबांच्या नाहीतर काकांच्या कंपनीतला वाईस अडगळीत पडला असेल तर भंगारवाल्याला घालू नका. आधी टांगून ठोका, आवाज ऐका. आणि कोणाचा आणलेला मोडलात, तर आठ दिवस लपवू नका. चीर लपवल्याने मिटत नाही, मधल्या काळात आपणच ती वाढवून ठेवतो.

पाऊस थांबला तर सोमवारी कापणी.