तीस हजार फुटांवरची ड्यूटी

भिलाईवरून विमानं जातात, भिलाईला येत नाहीत. नंदिनीला चुनखडीच्या खाणींच्या अंगाला एक धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान तिथे उतरत नाही. त्यासाठी रायपूर ओलांडून मानाला जायचं. आमचं गाव रुळांचं. इथल्या पोलाद कारखान्याच्या मिलमधून १३० मीटरचा अखंड रूळ बाहेर पडतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा पट्टा तयार होतो. नागपूरचं लग्न असो की पुण्याचं बारसं, आम्ही निघणार ते दुर्गहून रेल्वेने. त्यामुळे विमानाची आतली बाजू मी पहिल्यांदा पाहिली ती पडद्यावर. सीटचा पट्टा कसा लावतात, ऑक्सिजनचा मुखवटा कुठून खाली पडतो, हे सगळं मला बोर्डिंग पास हातात येण्याआधी पाठ होतं.

विमानात घडणारे सिनेमे मला मनापासून आवडतात. पण त्यातला आवडीचा भाग इतरांहून वेगळा आहे, आणि त्याला हे गाव जबाबदार असावं. फर्स्ट, सेकंड आणि नाईट अशा तीन पाळ्यांत विभागलेल्या घरात वाढलेल्या माणसाला संकटात सापडलेला प्रवासी दिसायच्या आधी ड्यूटीवरचा माणूस दिसतो. विमान डुगडुगायला लागलं की माझं लक्ष किंचाळणाऱ्यांकडे जात नाही. ट्रॉलीचा ब्रेक कुणी लावला, फोन कुणी उचलला, यादी कोण वाचतंय, हे मी बघतो.

१९८० हे साल या बाबतीत मोठं मजेदार. अमेरिकेत ‘एअरप्लेन!’ आला. जेवणातले मासे बाधून वैमानिक आडवे होतात आणि युद्धाच्या आठवणींनी खचलेला एक जुना वैमानिक विमान उतरवतो, ही गोष्ट त्याच्या आधी १९५७च्या ‘झीरो अवर!’मध्ये अगदी गंभीर चेहऱ्याने सांगून झाली होती. ती आर्थर हेलीची. पुढे ‘एअरपोर्ट’ लिहिणारा तोच हेली. ‘एअरप्लेन!’वाल्या तिघा दिग्दर्शकांनी त्या जुन्या सिनेमाचे हक्क रीतसर विकत घेतले, गोष्ट जवळपास तशीच ठेवली आणि लेस्ली नील्सनसारख्या तोवर गंभीर भूमिका करणाऱ्या नटांना सांगितलं की हसू नका. ती सगळी माणसं वेड्यासारखं बोलतात आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. दहा वर्षं विमानं पाडून पाडून थकलेल्या हॉलिवूडने स्वतःचीच टर उडवली.

त्याच साली सोव्हिएत रशियात ‘एकिपाझ’ लागला. म्हणजे विमानातली कर्मचारी मंडळी. दिग्दर्शक अलेक्सांद्र मित्ता. हा मी फार उशिरा, संगणकावर, खालची अक्षरं वाचत पाहिला, आणि पाहताना वाटलं की हा तर आमच्या टाउनशिपसाठीच काढलेला. अर्धा सिनेमा विमान संकटात पडतच नाही. मोडत चाललेला संसार, सुटत चाललेली मुलं, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा कॅप्टन तिमचेन्को, असं सगळं सावकाश चाललेलं. मग भूकंप होतो, डोंगरावरून चिखल येतो, तेलाच्या टाक्या पेटतात आणि त्या आगीतून तुपोलेव्ह-१५४ उडवावं लागतं. वर गेल्यावर कळतं की शेपटाकडे भेग पडली आहे. आता कोण जाणार? हॉलिवूडमध्ये इथे एखादा रुबाबदार प्रवासी उभा राहिला असता. इथे फ्लाइट इंजिनिअर स्क्वोर्त्सोव्ह उठतो. गोठवणाऱ्या वाऱ्यात तो बाहेर पडतो आणि दुरुस्ती करतो. शास्त्राच्या कसोटीवर ही शुद्ध थाप आहे. प्लांटमधला कुठलाही फिटर ऐकून हसेल. पण हसता हसता एकदा विचारेलही, की पट्टी कसली लावली? विमान उतरतं, शेपूट तुटून पडतं, माणसं वाचतात. आणि एवढं करून कॅप्टनला काय मिळतं? डॉक्टर त्याचं उडणं बंद करतात. वैद्यकीय तपासणीत नापास होऊन घरी बसलेले काका ज्या गावात गल्लोगल्ली आहेत, तिथे हा शेवट वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि आपण? आपण त्याच साली आगगाडी पेटवली. रवी चोप्रांचा ‘द बर्निंग ट्रेन’. ब्रेक काढून घेतलेली गाडी, धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, मध्येच गाणी. डबे जळले, इंजिन गेलं, पण रूळ शेवटपर्यंत टिकले, याचं श्रेय आमच्या मिलला कुणी दिलं नाही.

रशियन माणूस भिलाईला नवा नव्हता. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत देशाशी झालेला १९५५चा करार, १९५९च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, नंतर दोन्ही देशांच्या दोस्तीखातर उभी राहिलेली मैत्रीबाग, आणि शाळेच्या वह्यांना घातलेली सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं. त्याच मैत्रीचं दुसरं अपत्य महाराष्ट्रात, नाशिकजवळ ओझरला. तिथे मिग-२१ बांधली गेली. या मिगवर गोविंद निहलानींनी १९८२ साली ‘विजेता’ काढला. शशी कपूरची निर्मिती, कुणाल कपूर नायक. मिगमध्ये एकच माणूस बसतो, म्हणजे हा एका प्रवाशाचा विमानपट. त्याची कथा-पटकथा दिलीप चित्र्यांची आणि संवाद सत्यदेव दुब्यांचे. दुबे मूळचे बिलासपूरचे, म्हणजे इथून गाडीने दोन-अडीच तासांवरचे. छत्तीसगडात जन्मलेला हा हिंदी माणूस मुंबईला जाऊन मराठी रंगभूमीचा होतो आणि एका मराठी कवीच्या पटकथेला हिंदी बोलायला लावतो, हे मला त्या सिनेमातल्या हवाई कसरतींहून जास्त थरारक वाटतं. वडिलांच्या आणि मुलाच्या मधला अबोला त्यात इतका खरा आहे की मिग उडालं नसतं तरी चाललं असतं.

विमानाशी आमचं नातं आता थोडं सुधारलंय म्हणा. २०२२ साली नौदलात आलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या खास पोलादात राउरकेला आणि बोकारोबरोबर भिलाईच्या प्लेटाही आहेत. विमान इथे उतरत नसेल, आमच्या पत्र्यावर उतरतं.

हिंदीतल्या विमानपटांबद्दल माझं एक निरीक्षण आहे. तिकडची भीती पडणाऱ्या विमानाची, आपली भीती उभ्या विमानाची. १९९९च्या डिसेंबरात कंदाहारला अपहरण केलेलं विमान दिवसेंदिवस उभं होतं आणि सगळा देश टीव्हीसमोर. ‘नीरजा’ही तसाच. राम माधवानींचा हा २०१६चा सिनेमा ५ सप्टेंबर १९८६च्या घटनेवर बेतलेला. मुंबईहून निघालेलं पॅन अॅमचं जंबो कराचीच्या विमानतळावर सुमारे १७ तास अडकलेलं. चाकं जमिनीवर, दार दिसतंय, बाहेर दिवे आहेत, आणि तरी जाता येत नाही. दुर्गच्या आउटरला तासभर थांबलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला या गुदमरण्याची पुसट ओळख असते, बंदुका सोडून. नीरजा भनोत सीनियर पर्सर. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरलेले. अपहरणकर्ते शिरल्याचं कॉकपिटला तिने कळवलं आणि वैमानिक वरच्या झडपेतून निसटले.

आमच्या घरी हा सिनेमा चालू असताना आई एकदम म्हणाली, “अहो, पळाले की हो हे!”

“पळाले नाहीत,” निवृत्त बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “मशीन बंद करून गेले. ऑपरेटरच नाही म्हटल्यावर चालवणार कोण?”

नियम खरोखर तोच होता. वैमानिक नसले की विमान हलत नाही. पण ऑपरेटर गेल्यावर आत उरते ती ट्रॉली ढकलणारी मुलगी, आणि पुढचे सतरा तास ती पाणी वाटते, अमेरिकन पासपोर्ट लपवते, शेवटी दार उघडते. एकेक काम, हातासरशी. बाबांनी नंतर काही भाष्य केलं नाही. चहा मात्र स्वतः उठून केला.

‘सली’मधलंही मला विमान फारसं आठवत नाही, चौकशी आठवते. १५ जानेवारी २००९, पक्ष्यांनी बंद पाडलेली दोन इंजिनं, हडसन नदी, १५५ माणसं आणि सगळी जिवंत. तरीही टेबलापलीकडची मंडळी विचारतात की जवळच्या विमानतळावर परत का नाही गेलात? सिम्युलेटरमध्ये तर जाता येतं. मग विचार करायला लागणारे ३५ सेकंद त्यात मिळवले जातात, आणि सिम्युलेटरमधलं विमान आपटतं. झडपेवर हात असलेल्या माणसाला नंतर पंख्याखाली बसून सेकंदासेकंदाचा हिशेब विचारणं जिथे चालतं, अशा कुठल्याही कारखान्यात हा प्रसंग दाखवून बघा. अजय देवगणच्या ‘रनवे ३४’चाही उत्तरार्ध चौकशीचाच, पण तिथे अमिताभ बोलायला लागले की सेकंद मोजायचं भान राहत नाही. ‘युनायटेड ९३’मध्ये तर दिग्दर्शक ग्रीनग्रासने हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या बेन स्लायनी या खऱ्या अधिकाऱ्याला स्वतःचीच भूमिका दिली. ११ सप्टेंबर २००१ हा त्या खुर्चीवरचा त्याचा पहिला दिवस होता. कुठलाही नट इतकं साधं वागला नसता.

विमानात साप सोडणारे, राष्ट्राध्यक्षांना हाणामारी करायला लावणारे सिनेमेही मी पाहतो. भजी असली की पाहतो.

मला कोडं पडतं ते मराठीचं. बंद खोलीत माणसं कोंडून त्यांना एकमेकांवर सोडायची कला आपल्याइतकी कुणाला येते? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये कडी बाहेरून लागते आणि बेणारेबाई आत सापडतात. त्यावरचा १९७१चा सिनेमा याच दुब्यांनी दिग्दर्शित केला होता आणि कॅमेरा याच निहलानींचा होता. म्हणजे खोली आपल्याकडे आहे, कडी आहे, माणसं तर आहेतच. ती खोली फक्त तीस हजार फुटांवर न्यायची. पुण्याहून निघालेलं विमान घ्या. एक निवृत्त मुख्याध्यापक, परदेशातल्या मुलाकडे निघालेलं जोडपं, सामानात लोणच्याची बरणी, आणि मागच्या रांगेत फोनवर अजून बोलतच असलेला एक बिल्डर. अपहरणकर्त्याची गरज नाही. खिडकीची सीट नक्की कुणाची, यावरच मध्यंतरापर्यंतचा सिनेमा निघेल, आणि हवाईसुंदरीला आख्खी ड्यूटी तेच निस्तरावं लागेल.